एक चमत्कार माफ!

अतिमानवांच्या चित्रपटांचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत साधारणपणे दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे, की हे सारे परदेशी खूळ आहे. मुलांचा वेळ आणि पालकांचा पैसा यांची ती नासाडी असून त्यातील एकही गोष्ट विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही. दुसरे मत असे, की या चित्रपटांमुळे मुलांना विज्ञानाची गोडी लागते. तेव्हा त्यांत काय दाखवतात याची फार चिकित्सा करू नये. विद्यार्थ्यांमध्येही असेच दोन पक्ष असतात. एक म्हणतो, "सगळं खोटं!" दुसरा म्हणतो, "असं उद्या खरंच होणार आहे!"

मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. या कथांचा शौक असणे ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे. परंतु खऱ्या शौकिनाने त्यांची कसून चिकित्सा केलीच पाहिजे. त्यासाठी एक साधा नियम मी सुचवतो. प्रत्येक कथेला एक चमत्कार माफ करावा. एकच! त्यानंतर मात्र पै-पैचा हिशेब मागावा.

क्रिकेट खेळताना "फलंदाज तिन्ही यष्ट्या पडल्यावरच बाद का होत नाही?" असा वाद आपण घालत नाही. नियम मान्य करतो आणि खेळतो. पण मान्य केलेला नियम कोणी मोडला तर मात्र भांडतो. कथेचेही तसेच आहे. एखाद्याच्या पायांत विलक्षण ताकद आहे, हे कथाकाराने सांगितले तर आपण मान डोलवावी. पण त्या पायांनी त्याने उडी मारली, की तो न्यूटनच्या हद्दीत आला!

मुंगीची साक्ष

सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो १९३८ साली, अमेरिकेतील 'ॲक्शन कॉमिक्स' या मासिकाच्या पहिल्या अंकात. त्याचे निर्माते जेरी सीगेल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंड शहरातील एकाच शाळेतले मित्र. शाळेत असतानाच सीगेल विज्ञानकथांचे एक हौशी नियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढत असे. म्हणजे जगातला हा सर्वात प्रसिद्ध अतिमानव मुळात दोन शौकीन विद्यार्थ्यांच्या वेडातून जन्मला.

तेव्हाचा सुपरमॅन उडत नसे. तो उड्या मारीत असे. एका उडीत अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर, अंतर तोडणे आणि वीस मजली इमारत ओलांडणे ही त्याची मर्यादा होती. गंमत अशी, की पहिल्याच कथेत या ताकदीचा शास्त्रीय खुलासाही दिला होता. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते आणि टोळ आपल्या लांबीच्या कितीतरी पट लांब उडी मारतो. मग दूरच्या ग्रहावरून आलेल्या माणसाला हे का जमू नये, असा त्याचा सूर होता.

या खुलाशाची तपासणी गॅलिलिओने आधीच करून ठेवली आहे. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले, की वस्तू सर्व बाजूंनी सारखी मोठी केली तर तिचे बळ आणि तिचे वजन सारख्या प्रमाणात वाढत नाही. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. वजन मात्र घनफळावर, म्हणजे लांबीच्या घनावर.

समजा, ८ मिलिमीटर लांबीची एक मुंगी आपल्या वजनाच्या २० पट ओझे उचलते. तिला २०० पट लांब करू, म्हणजे ती १.६ मीटरची, माणसाएवढी होईल. तिची ताकद २०० × २०० म्हणजे ४०,००० पट वाढली. वजन मात्र २०० × २०० × २०० म्हणजे ८०,००,००० पट वाढले. वजनाच्या मानाने ताकद २०० पटींनी घटली! २० ला २०० ने भागा. ही माणसाएवढी मुंगी आपल्या वजनाचा दहावा हिस्सा कसाबसा उचलील. ओझे राहू द्या, तिला स्वतःच्या पायांवर उभेही राहता येणार नाही.

टोळाचीही तीच कथा. स्नायू उडीसाठी जी ऊर्जा देतात ती स्नायूंच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते, आणि जे वजन उचलायचे तेही शरीराच्या वस्तुमानाच्याच प्रमाणात. त्यामुळे लहानमोठ्या प्राण्यांच्या उडीच्या उंचीत त्यांच्या आकारांइतका प्रचंड फरक पडत नाही. टोळ फूटभर उंच उडतो आणि माणूस उभ्या जागेवरून अर्धा मीटर. टोळाला माणसाएवढा केला तरी तो इमारती ओलांडणार नाही. मुंगी व टोळ या दोघांनीही सुपरमॅनच्या विरुद्ध साक्ष दिली, असेच म्हणावे लागेल.

वीस मजल्यांची उडी

बरे, खुलासा बाजूला ठेवू. सुपरमॅनच्या पायांत ताकद आहे, हा चमत्कार माफ. आता हिशेब करू.

वीस मजली इमारत म्हणजे सुमारे ६० मीटर. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. तेवढे उंच जाण्यासाठी जमीन सोडतानाच्या वेगाचा वर्ग २ × १० × ६० म्हणजे १२०० हवा. वेग झाला सेकंदाला सुमारे ३५ मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर. हा वेग त्याला गुडघे वाकवून पाय सरळ करेपर्यंतच्या अर्ध्या मीटरमध्ये मिळवायचा आहे. त्यासाठी त्वरण हवे सेकंदाला सेकंदामागे १२०० मीटर. सुपरमॅनचे वस्तुमान १०० किलोग्रॅम धरले, तर त्याचे पाय जमिनीला १,२१,००० न्यूटन बलाने ढकलतील. हा झाला सुमारे १२ टनांचा भार.

ही जमीन तो भार सोसेल काय? दोन तळपायांचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर धरा. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० न्यूटन दाब आला. साध्या बांधकामातील काँक्रीट दर चौरस सेंटिमीटरला २,००० न्यूटनपर्यंत दाब सोसते. तेव्हा काँक्रीटच्या पदपथावरून सुपरमॅन खुशाल उडी मारू शकेल. पण शाळेच्या मैदानातल्या ओल्या मातीवरून त्याने उडी मारायची ठरवली, तर तो वर जाण्याऐवजी खाली रुतेल! हे चित्र कोणत्याही चित्रपटात मी पाहिलेले नाही. परंतु ते चित्रपटापेक्षा अधिक गमतीचे आहे, आणि ते केवळ गणिताने दाखवले.

पुढील अंकांतून आणखी एक खुलासा आला. सुपरमॅनच्या क्रिप्टॉन ग्रहावर गुरुत्वाकर्षण जबर होते, म्हणून तेथील माणसांचे स्नायू बळकट आणि म्हणून पृथ्वीवर ते हलकेफुलके. हा खुलासा पहिल्यापेक्षा खूपच चांगला आहे, कारण त्याचा हिशेब मांडता येतो. क्रिप्टॉनवरील सामान्य माणूस आपल्यासारखाच अर्धा मीटर उडत असेल, असे धरू. गुडघे वाकवल्यापासून मोजले तर तो एकूण १ मीटर वर जातो. त्याच स्नायूंनी पृथ्वीवर एकूण ६०.५ मीटर वर जायचे, तर क्रिप्टॉनचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ६० पट हवे.

घनता सारखी असेल तर पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण ग्रहाच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढते. म्हणजे क्रिप्टॉनची त्रिज्या पृथ्वीच्या ६० पट, सुमारे ३,८४,००० किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्र जितका दूर, तेवढी या 'ग्रहा'ची नुसती त्रिज्या! आणि वस्तुमान पृथ्वीच्या ६० × ६० × ६० म्हणजे २,१६,००० पट. आपला सूर्य पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट आहे. म्हणजे क्रिप्टॉन हा सूर्याच्या दोन-तृतीयांश वस्तुमानाचा गोळा झाला. एवढे द्रव्य एकत्र आल्यावर ते दगडमातीचा ग्रह म्हणून टिकत नाही. स्वतःच्याच भाराने ते दबत जाते.

यातून काय शिकायचे? एक चमत्कार माफ केला होता तेव्हा कथा सुखाने चालली होती. खुलासा करायला गेल्यावर एका चमत्काराचे दहा झाले. खोटा खुलासा हा चमत्कारापेक्षा वाईट असतो. चमत्कार निदान "मी चमत्कार आहे" असे प्रामाणिकपणे सांगतो!

पुलावरची शोकांतिका

कथेने निसर्गनियम पाळले तर ती रुक्ष होते, असे कोणाला वाटत असेल तर त्यांच्यासाठी एक उदाहरण. जून १९७३ च्या 'अमेझिंग स्पायडरमॅन' या मासिकाच्या १२१ व्या अंकात खलनायक नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलावरून खाली लोटतो. स्पायडरमॅन आपले जाळे फेकतो, ते तिच्या पायांना नेमके चिकटते, आणि तो आनंदाने तिला वर ओढून घेतो. परंतु ती मेलेली असते.

खलनायक म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडतानाच ती मेली. हे भौतिकशास्त्राला मान्य होण्यासारखे नाही. हवाई छत्रीधारी ताशी २०० किलोमीटर वेगाने पडतात आणि हसत उतरतात. पडण्याने कोणी मरत नाही. मरण येते ते थांबण्याने. त्याच वर्षी पुढील एका अंकात वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना संपादकांनीही कबूल केले, की जाळ्याने एकदम थांबवल्यामुळे मानेला बसलेल्या हिसक्यानेच ती मेली.

हिशेब पाहा. ती ८० मीटर पडली असे धरू. वेग झाला सेकंदाला ४० मीटर. तिचे वस्तुमान ५० किलोग्रॅम, म्हणजे संवेग २,००० एकक. हा संवेग जाळ्याने एक-दशांश सेकंदात शून्यावर आणला, तर सरासरी बल २०,००० न्यूटन, तिच्या वजनाच्या ४० पट. तोच संवेग २ सेकंदांत शून्यावर आणला असता तर बल लागले असते फक्त १,००० न्यूटन. त्यात तिचे स्वतःचे वजन तोलायचे ५०० न्यूटन मिळवा, तरी तिच्या वजनाच्या तिप्पटच. मात्र त्यासाठी जाळे ४० मीटर ताणले जायला हवे होते. म्हणजे जाळे बळकट असून भागत नाही. ते लवचिक असावे लागते. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे घेतो, गिर्यारोहक ताणला जाणारा दोर वापरतात, मोटारीत हवेची पिशवी फुगते. या सगळ्यांमागे हेच एक तत्त्व आहे.

लोखंडी चिलखतातला 'आयर्नमॅन' आकाशातून आदळतो आणि उठून चालू लागतो, तेव्हा हेच तत्त्व आठवावे. चिलखत फुटणार नाही हे मान्य. पण आतल्या माणसाचे काय? स्टीलच्या डब्यात एक अंडे नुसते ठेवून डबा टेबलावरून खाली टाका. मग दुसरे अंडे कापसात गुंडाळून डब्यात ठेवा आणि पुन्हा टाका. डबा दोन्ही वेळा शाबूत राहील, अंडे नाही! दुचाकीवरच्या शिरस्त्राणाच्या आत मऊ थर का असतो, हे त्या दिवशी कायमचे समजेल.

शब्द की मंत्र?

आता गंभीर मुद्द्याकडे वळू. अतिमानवांच्या शक्तीचे उगम पाहिले तर एक मजेशीर क्रम दिसतो. १९३८ साली शक्ती परग्रहावरून आली. १९६२ साली, अणुबॉम्बच्या चाचण्यांच्या काळात, 'हल्क' गॅमा किरणांनी बलवान झाला आणि स्पायडरमॅनला किरणोत्सारी कोळी चावला. २००२ च्या चित्रपटात तोच कोळी किरणोत्सारी न राहता जनुकबदल केलेला झाला. २०१९ च्या 'ॲव्हेंजर्स : एंडगेम'मध्ये भूतकाळात जाण्याचा मार्ग 'क्वांटम' जगातून निघाला. ज्या काळात विज्ञानाचा जो शब्द लोकांच्या कानांवर नव्याने पडलेला असतो, तो शब्द कथेत मंत्रासारखा वापरला जातो.

कथेपुरते हे ठीक. पण मंत्र पडद्यावरून बाजारात उतरतो तेव्हा काय होते? 'क्वांटम ऊर्जा' देणारी लटकने व कडी आज विकली जातात. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने, मोबाइलच्या '५जी' लहरींपासून संरक्षण करतात म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही वस्तू तपासल्या. त्या स्वतःच किरणोत्सारी निघाल्या, आणि लोकांना त्या वापरू नका असे सांगावे लागले. ज्या किरणांच्या भीतीने माणसाने पैसे मोजले, त्याहून घातक किरण त्याने स्वतः गळ्यात बांधून घेतले!

किरणोत्सर्ग खरोखर काय करतो, हे कथेबाहेर पाहावे. मेरी क्यूरी १९३४ साली रक्ताच्या विकाराने वारल्या. आयुष्यभर सोसलेल्या किरणोत्सर्गाशी त्याचा संबंध जोडला जातो. त्याच गॅमा किरणांची मात्रा मोजून-मापून वापरली, की कर्करोगावर उपचार होतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येणे रोखता येते. कांदा हिरवा राक्षस होत नाही आणि किरणोत्सारीही होत नाही. तो जरा जास्त दिवस टिकतो, एवढेच. 'गॅमा' हा मंत्र नव्हे. त्याला मात्रा आहे, एकक आहे, परिणाम आहे. किती, कशाने आणि कशावर, हे विचारले की मंत्राचा पुन्हा शब्द होतो.

स्वतःचाच नियम मोडला तर

नियम मोडण्याचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे २०१५ चा 'अँटमॅन'. नायक मुंगीएवढा होतो, कारण त्याच्या अणूंमधले अंतर कमी होते, असे चित्रपट सांगतो. हा चमत्कार माफ. या नियमानुसार त्याचे वस्तुमान तेवढेच राहते, म्हणूनच त्याचा ठोसा बंदुकीच्या गोळीसारखा बसतो. छान! पण हाच माणूस उडत्या मुंगीवर स्वार होतो, आणि त्याचा गुरू एक अख्खा रणगाडा लहान करून किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवून फिरतो. ठोसा मारताना वस्तुमान आहे, मुंगीवर बसताना नाही! येथे निसर्गाचा नियम मोडला म्हणून माझी तक्रार नाही. कथेने स्वतः दिलेला शब्द मोडला, ही तक्रार आहे. चौकस विद्यार्थ्याच्या हे लक्षात आलेच पाहिजे.

जप्ती हा उपाय नव्हे

चित्रकथांची भीती वडील मंडळींना पूर्वीही वाटली आहे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत काही गावांतून त्यांच्या होळ्या झाल्या. १९५४ साली फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात, असे मांडणारे पुस्तक लिहिले. सिनेटच्या समितीपुढे चौकशी झाली, आणि प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. पुढे वर्दमची टिपणे अभ्यासासाठी खुली झाली. २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधिकेने दाखवून दिले, की मुलांच्या मुलाखतींत त्याने सोयीप्रमाणे फेरफार केले होते. हिशेब मागायचा तो फक्त सुपरमॅनकडेच नव्हे; सुपरमॅनच्या विरोधकांकडेही मागायचा असतो.

आपल्याकडे १९६४ पासून १९९० पर्यंत 'इंद्रजाल कॉमिक्स' निघत. वेताळ व मॅन्ड्रेक मराठीतून वाचणारी, भूगोलाच्या पुस्तकात ते अंक लपवणारी मुले आज आजी-आजोबा झाली आहेत. ती काही बिघडलेली दिसत नाहीत!

उलट अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी चित्रकथांतील उदाहरणांवरच एक अभ्यासक्रम उभा केला आणि २००५ साली त्यावर पुस्तक लिहिले. आपल्या शिक्षकांना एवढे करण्याची गरज नाही. महिन्यातून एक तास द्यावा. मुलांनीच एखादा प्रसंग आणावा आणि वर्गाने तीन प्रश्न विचारावेत. कथेने कोणती सूट मागितली आहे? ती दिल्यावर पुढचा हिशेब जमतो का? आणि कथा स्वतःचा नियम शेवटपर्यंत पाळते का? उतरत्या पाटावरून घरंगळणाऱ्या ठोकळ्याचे गणित सोडवताना जांभया देणारा विद्यार्थी सुपरमॅनच्या उडीसाठी तेच सूत्र आपण होऊन वापरतो. सूत्र तेच, फरक एवढाच, की उत्तर काय येते याची त्याला उत्सुकता असते.

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात करायला हा एक प्रश्न घ्या. 'फ्लॅश' ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३४० मीटर, धावतो आहे. रस्ता आणि त्याचे बूट यांमधील घर्षणांक १ धरा. त्याच्या वेगाचा चमत्कार माफ. समोर रेल्वेचे फाटक बंद दिसले, तर फाटकापर्यंत थांबण्यासाठी त्याला ते किती अंतरावरून दिसायला हवे? उत्तर काढा, आणि आपल्या गावच्या नकाशावर ते अंतर मोजून पाहा. मग पुढचा चित्रपट अवश्य पाहा. तुम्हाला तो इतरांपेक्षा अधिक दिसेल.